मराठी विकिपीडियावरची नेत्यांची चरित्रे : तारखांना पास, तोलात काठावर

निवडणूक लागली की नाशिककर उमेदवाराचे नाव गुगलवर टाकतात, वरच विकिपीडिया दिसतो आणि बऱ्याच जणांचा अभ्यास तिथेच आटोपतो.

जन्मगाव, मतदारसंघ, पदांची वर्षे यांपुरते काम भागते. दादासाहेब गायकवाड १९५७ला नाशिकमधून लोकसभेवर गेले, १९६३च्या पोटनिवडणुकीत यशवंतराव चव्हाण इथूनच बिनविरोध आले. असल्या नोंदी खोट्या लिहून कुणाच्या पदरात काय पडणार?

गोची आहे ती मजकुराच्या जागावाटपात. भगूरच्या सावरकरांचे पान घ्या. अंदमान, दयेचे अर्ज, रत्नागिरीचे पतितपावन मंदिर, गांधीहत्या खटल्यातली निर्दोष सुटका, सगळेच नोंदलेले. पण यातले पहिल्या परिच्छेदात काय आणि तळाच्या 'वाद' विभागात काय, यावरच खडाजंगी. अशा पानावर निदान दोन्हीकडचे लोक पहारा देतात. इंग्रजी विकिपीडियाची ब्रिटानिकाशी तुलना करणाऱ्या ग्रीनस्टीन आणि झू या संशोधकांच्या अभ्यासातही लेखावर जितके जास्त हात फिरले, तितका राजकीय कल कमी होत गेलेला दिसला.

स्थानिक आमदार-नगरसेवकांच्या पानांना हे भाग्य नाही. तिथे एकच सदस्य लिहितो आणि फ्लेक्सवरचा 'कार्यसम्राट' जसाच्या तसा उतरतो.

तपासायचे असेल तर संगणकावर 'इतिहास पहा' उघडा. प्रत्येक बदलापुढे बाइट्सचा आकडा असतो, भर हिरवी, कपात लाल. मतदानाच्या तोंडावरची मोठी लाल कपात दिसली की आधीची आणि नंतरची आवृत्ती निवडून तुलना करा. नेमका कोणता परिच्छेद उडवला ते समोरासमोर दिसते. मग त्या सदस्याचे योगदान बघा. सगळी संपादने एकाच नेत्याच्या पानावर असतील तर समजून जा. संदर्भही उघडून बघावेत. पाचपैकी चार नेत्याच्याच संकेतस्थळाचे असतील तर तो लेख म्हणजे परिचयपत्रकच.

दुरुस्ती करताना लोक फसतात ते उलटवाउलटवीत. रागाने परिच्छेद उडवला की समोरचा तो परत आणतो आणि शेवटी प्रचालक (विकिपीडियाचा व्यवस्थापक सदस्य) पानच सुरक्षित करतो, म्हणजे बदलांना कुलूप लावतो, बहुधा नको त्या आवृत्तीवर. त्यापेक्षा लेखाला जोडलेल्या चर्चापानावर वाक्य, आक्षेप आणि संदर्भ मांडा. ऑनलाइन दुवाच हवा असे नाही; सावानातून (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) आणलेले पुस्तकही चालते, फक्त लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक द्या. गुन्ह्यांचा आकडा उमेदवाराच्या शपथपत्रातून थेट उचलू नका, त्यावरची वृत्तपत्रातली बातमी शोधा. हयात व्यक्तीबद्दल बिनसंदर्भ बदनामीकारक मजकूर मात्र चर्चेची वाट न पाहता काढता येतो.

पक्षाच्या कार्यालयात बसून पगारावर लिहिणाऱ्यांनी तसे जाहीर करावे, ही विकिमीडियाच्या वापर-अटींतलीच अट आहे. पाळताना फारसे कुणी दिसत नाही.