पोकेमॉन की यु-गि-ओ, पहिला डेक कुठला घ्यायचा?

दोन्ही पत्त्यांसारख्या कार्डांचे खेळ, डेक म्हणजे खेळायला लागणारा कार्डांचा गठ्ठा, आणि दोन्हीकडे कार्डांवरचे प्राणीच लढवायचेत मग फरक काय असं वाटणं साहजिक आहे, पण मी दोन्ही खेळतो आणि खेळायला बसलं की दोन्हींचा पिंड अगदी वेगळा आहे हे लगेच कळतं.

पोकेमॉनमध्ये 60 कार्डांचा डेक, हातात 7 आणि 6 प्राइझ कार्डं बाजूला पालथी. समोरच्याचा पोकेमॉन पाडला की प्राइझ उचलायचं, सहा आधी ज्याची संपली तो सहसा जिंकला. टर्नला हातातून एनर्जी (पोकेमॉनला हल्ला करायला लागणारं कार्ड) एकच लावता येते, आणि आत्ता खाली ठेवलेला पोकेमॉन साधारण त्याच टर्नला इव्हॉल्व्ह होत नाही, म्हणजे पुढच्या रूपात जात नाही, त्यामुळे नवीन माणसाला समोर काय चाललंय ते कळायला वेळ मिळतो, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

यु-गि-ओमध्ये एनर्जी हा प्रकारच नाही. 8000 लाइफ पॉइंट्स (संपले की हरलात), मेन डेक 40 ते 60, शिवाय 15 कार्डांपर्यंत एक्स्ट्रा डेक, म्हणजे खास कार्डांचा वेगळा गठ्ठा. नॉर्मल समन, म्हणजे हातातला प्राणी साध्या पद्धतीने मैदानात उतरवणं, टर्नला एकदाच, पण कार्डाच्या इफेक्टने वगैरे उतरवायच्या स्पेशल समनला तशी मर्यादा नाही, म्हणून एका कार्डाच्या इफेक्टने दुसरं येतं, दुसऱ्याने तिसरं, आणि समोरचा नुसता बघत बसतो, जोपर्यंत त्याच्या हातात ॲश ब्लॉसमसारखा हँड ट्रॅप (समोरच्याच्या टर्नलाही थेट हातातून वापरता येणारं कार्ड) नसतो, तो बरोबर वेळेला टाकून अख्खी साखळी तोडली की जी मजा येते ना ती पोकेमॉनमध्ये नाही मिळत. पण कार्डावरचा बारीक मजकूर शब्दन् शब्द वाचावा लागतो. सुरुवातीला मी कितीतरी मॅच फक्त एक ओळ नीट न वाचल्यामुळे हरलोय, तेव्हा वाचायचा कंटाळा असेल तर इकडे येऊच नका.

डेक किती दिवस चालेल हेही बघा. पोकेमॉनच्या स्टँडर्ड फॉरमॅटमध्ये (स्पर्धांच्या नेहमीच्या नियमांत) रोटेशन असतं, म्हणजे जुनी कार्डं बाद होत जातात, कार्डाच्या खाली डावीकडे एक अक्षर छापलेलं असतं, ते अक्षर बाद झालं की ती कार्डं स्टँडर्डला चालत नाहीत. यु-गि-ओला रोटेशन नाही, 1999 पासूनचा ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगन आजही खेळता येतो, मात्र बॅन लिस्ट, म्हणजे बंदी किंवा मर्यादा घातलेल्या कार्डांची यादी, अधूनमधून बदलते आणि तुमचं मुख्य कार्डच त्यात सापडलं तर डेक पार लंगडा होतो.

नुसती जमवायचीच असतील तर मी डोळे झाकून पोकेमॉन म्हणेन. इलस्ट्रेशन रेअर नावाच्या दुर्मिळ कार्डांमध्ये चित्र अख्ख्या कार्डभर असतं, प्राणी झाडाखाली झोपलाय, पावसात भिजतोय, बघत राहावं असं. यु-गि-ओचं चित्र बहुतेक वेळा चौकटीतच राहतं.

माझं मत, आधी पोकेमॉनचा तयार डेक घ्या, महिनाभर खेळा, मग जी कार्डं कमी पडतात ती सिंगल्स म्हणून सुटी घ्या. डेक पुरा करायला पॅक (आत कुठली कार्डं आहेत ते न कळणारी बंद पाकिटं) फोडत बसू नका, हवं ते कार्ड निघेलच असं नसतं आणि पैसे भराभर जातात. यु-गि-ओची ओढ असेल तर मास्टर ड्युएल हा त्याचा डिजिटल गेम फुकट आहे, तिथे आठवडाभर बघा, पोकेमॉनचंही टीसीजी लाइव्ह तसंच आहे. आणि स्लीव्ह (कार्डावर घालायचं प्लास्टिकचं कव्हर) घेताना साइज बघा प्लीज, पोकेमॉनची कार्डं 63 बाय 88 मिलिमीटर, यु-गि-ओची 59 बाय 86, मोठ्या स्लीव्हमध्ये छोटं कार्ड आत हलत राहतं आणि कोपरे जातात.