धुळीला भुललो, ६,४०० पौंडांना

आकडे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना लाज जरा कमी वाटेल. गाडीचे ६,४०० पौंड. ती ट्रेलरवर टाकून घरी आणायचे २९०. गाडीवर कर्ज नाही, चोरीची नाही असा निर्वाळा देणाऱ्या ऑनलाइन तपासणीचे १९.९९. आणि कोर्टाच्या फीचे ४५५. एका पेनीनं ७,१६५ व्हायचे राहिले.

गाडी म्हणजे १९७१ची एमजीबी रोडस्टर, बिनछपराची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार. गडद हिरवी, क्रोम बंपरची. या गाड्या इंग्लंडातल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० बनल्या आणि १९७४मध्ये अमेरिकेच्या नियमांपायी त्यांच्या तोंडावर काळं रबर चढलं, त्यामुळे क्रोमवाल्यांना भाव जास्त. हे सगळं मला पाठ होतं, आणि तेच नडलं. आणलेल्या गाडीचं काही निघालंच तर पार्ट मिळतील याची खात्री होती, कारण या गाडीचा अख्खा नवा सांगाडासुद्धा मूळ साच्यांवरून आजही बनतो. अडाणी माणूस घाबरून चार जणांना विचारतो. मी कोणालाच विचारलं नाही.

मी लेस्टरला राहतो. मुलगा युनिव्हर्सिटीत गेला, घराचं कर्ज फिटत आलं, आणि पहिल्यांदा स्वतःसाठी काही घ्यावंसं वाटलं. त्यात काय पाप? जाहिरात लिंकनशायरमधली होती. वारलेल्या काकांची गाडी, १९९२पासून शेतावरच्या कोठारात उभी, पत्रा कोरडा, पुतण्याला गाड्यांतलं काही कळत नाही. हो, माहितीये. असल्या गोष्टीत काका असतातच, ते वारलेलेही असतात आणि पुतण्याला गाड्यांतलं काही कळत नसतंच. मीही अशा किती गोष्टी वाचून हसलो होतो. पण हा पुतण्या साठीचा, मफलर गुंडाळलेला, हातात चहाचा मग घेतलेला माणूस होता. त्यानं माझ्यासाठीही चहा आणला. रविवारी हॉलंडहून एक गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन येणार आहे हे त्यानं जाता जाता सांगितलं, तेही अगदी नाइलाज असल्यासारखं.

कोठारात अंधार होता. गाडीवर निळी ताडपत्री, ताडपत्रीखाली धूळ, बॉनेटवर कबुतरांची विष्ठा, आरशाला जाळी. काचेला १९९२चा कागदी टॅक्स डिस्क, म्हणजे रस्ता कर भरल्याची चकती. मला हात लावायलासुद्धा जीव होईना, इतकं ते सुंदर दिसत होतं.

आता ऐका. उजेडात बघायची म्हणून आम्ही दोघांनी ती ढकलली आणि ती लोण्यासारखी सरकली. तीस वर्षांहून जास्त उभी असलेली गाडी! असल्या गाडीचे मागचे ब्रेक ड्रमला चिकटून बसतात, हँडब्रेकची केबल गंजून दोरखंडासारखी ताठ होते, चाक हलवायला हातोडा लागतो. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी काय म्हणालो? "वा, काकांनी काय निगा राखलीये!"

त्याहून वाईट पुढेच आहे. गाडी बाहेर निघाल्यावर मी वाकून रिकाम्या जागेकडे पाहिलं. कोरी काँक्रीटची जमीन. एक डाग नाही. ब्रिटिश गाडीखाली तेल नसेल तर गाडीतच तेल नाही असं समजावं, हा विनोद मीच पार्ट्यांमधून सांगत आलोय. आणि त्या दिवशी मी तिथूनच बायकोला फोन केला, "अगं, एक थेंब गळत नाहीये!" ती म्हणाली, "अहो, मग आणखी एकदा नीट बघा ना." मी फोन ठेवला. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला ती जमीन दिसते. गाडी तिथं उभी राहून दोन दिवस तरी झाले होते का, देव जाणे. धूळ कुठून आणली असेल? व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीतून, असा माझा आता अंदाज आहे.

टायरवर अंगठा फिरवून धूळ पुसली तर चार आकडे होते: २२१४. म्हणजे २०१४चा २२वा आठवडा. चार आकड्यांचा शिक्का मुळात २०००पासूनच आला, त्याआधी तीन असत. मी ते आकडे वाचले. वाचले आणि पुढं गेलो. कोठारातली गाडी बघायला जाल तेव्हा बाकी काही करू नका, आधी टायर वाचा.

बँकेच्या अ‍ॅपनं विचारलं होतं, हा फसवणुकीचा प्रकार तर नाही ना? मी 'पुढे' दाबलं. घाईत सगळेच दाबतात.

ओळखीचा एक म्हातारा वेल्डर आहे, त्यानं गाडी जॅकवर घेतली. फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक सिलवर, म्हणजे दाराखालच्या लांब पट्टीवर लावला, तो पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. दोन्ही सिल नुसत्या पुट्टीनं भरलेल्या, खालून डांबरासारखा काळा लेप. सिल या गाडीत शोभेच्या नसतात. छप्पर नसल्यामुळे सगळा भार त्यांच्यावर असतो, त्या गेल्या की गाडी मधून वाकते आणि दारं लागेनाशी होतात. मागच्या स्प्रिंगांचे आधारही सडलेले. त्यानं खर्च सांगितला ९,८०० पौंड, रंगाचे वेगळे. मग शांतपणे विचारलं, "एमओटीचा इतिहास पाहिलास का?"

नव्हता पाहिला. एमओटी म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का, याची दरवर्षीची तपासणी. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना २०१८पासून एमओटी लागत नाही, म्हणून तो बघायचं डोक्यातच आलं नाही. फुकट असतो हो तो. नंबरप्लेट टाका, दोन मिनिटं. आमच्या काकांची 'कोठारात उभी' गाडी २०१६मध्ये एमओटीला गेली होती आणि दोन्ही सिल सडल्या म्हणून नापास झाली होती. मी १९.९९ मोजून कर्ज शोधत बसलो आणि फुकटचं वाचलं नाही. मग नंबर इंटरनेटवर शोधला तेव्हा तीच गाडी सात महिन्यांपूर्वी एका लिलावात १,७५० पौंडांना गेलेली सापडली. तिथल्या फोटोत धूळ नव्हती.

आता सरकारी कथा. पोलिसांना १०१वर फोन केला. त्रेचाळीस मिनिटांनी उत्तर: हा दिवाणी मामला. मी म्हटलं, त्यानं मेलेला काका निर्माण केला! बाई म्हणाल्या, ऑनलाइन तक्रार नोंदवा. नोंदवली, सत्तेचाळीस प्रश्न, त्यात एक 'यामुळे तुमच्या मनावर किती परिणाम झाला, एक ते पाच'. पाच आठवड्यांनी पत्र आलं की तपासाला पुरेसा धागा नाही. धागा? मी त्यांना त्याचं नाव, नंबरप्लेट, बँक खातं, लिलावाचं पान आणि दोन्ही वेळचे फोटो दिले होते, अजून काय सुतळीचा तोडा द्यायचा होता? बँक म्हणाली, ऑक्टोबर २०२४पासून आम्ही फसवणुकीचे पैसे परत देतो खरं, पण तुम्हाला वस्तू मिळालेली आहे, सबब हा वाद दिवाणी. म्हणजे गाडी आलीच नसती तर निदान दाद लागायची आशा होती! काउन्सिलच्या ग्राहक खात्याशी तर थेट बोलताच येत नाही. मध्ये हेल्पलाईन, ती 'माहिती पुढे पाठवते', आणि पुढे कोणी आहे की नाही ते कळत नाही. तिथल्या मुलानं मला विचारलं की तुम्ही गाडी नीट तपासली होती का. हा प्रश्न मला बायकोनंही विचारला नव्हता.

त्यात एक गोम आहे. गाडी विकणारा धंदेवाईक विक्रेता ठरला असता तर २०१५चा ग्राहक कायदा लागू होता, तीस दिवसांत गाडी परत करता आली असती. पण तो 'पुतण्या' होता. खाजगी विक्रीत १९७९च्या कायद्यानं एवढंच बघतात की वस्तू वर्णनाप्रमाणे आहे का. पावतीवर त्यानं 'आहे तशी विकली' लिहून घेतलं होतं. ते लिहिल्यानं थापा माफ होत नाहीत, पण जाहिरातीचे स्क्रीनशॉट लागतात. जाहिरात विक्रीच्याच संध्याकाळी गायब झाली. मी नशिबानं बायकोला कौतुकानं पाठवली होती, तेवढी वाचली. तुम्ही पैसे द्यायच्या आधी काढून ठेवा, आणि लॉगबुकवरच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरच्या पत्त्यावर प्रत्यक्ष जा. कोठारात नाही, घरी.

कारण ४५५ भरून दावा लावला, त्यानं उत्तरच दिलं नाही, निकाल माझ्या बाजूनं लागला. पत्ता भाड्याच्या घराचा, तो तिथून केव्हाच निघून गेलेला. जप्तीसाठी आणखी पैसे भरा म्हणतात. निकालाचा कागद फ्रिजवर चुंबकानं लावलाय. चुंबक तिथं चिकटतो.

गाडी अजून गॅरेजमध्येच आहे. पार्टांसाठी म्हणून एकानं १,२०० देऊ केले, माझा जीव होत नाही. गेल्या आठवड्यात इंजिनखाली बशीएवढा काळा डाग दिसला. बायकोनं काही न बोलता फराळाचं जुनं ताट खाली सरकवून ठेवलं. रोज सकाळी कामाला जाण्याआधी मी ते ओतून येतो.