अगत्ती, चार दिवस: टूर बरी, बाथरूम जास्त

बेळगावच्या शहापुरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीचे, बोअरचे पंप उघडण्यात वीस वर्षं गेली. तेव्हा आधीच सांगतो, यात निळ्या समुद्राचं वर्णन कमी आणि नळाचं जास्त येणार.

बेळगावातल्याच एका टूरवाल्याकडून लक्षद्वीपचं पॅकेज घेतलं. परमिट, कोचीहून अगत्तीचं विमान, होमस्टे, जेवण, माणशी ३८ हजार. परमिटचं काम चोख, त्याला पैकीच्या पैकी. जेवणात रोज टूना आणि खोबरं. तिसऱ्या दिवशी घरची म्हणाली, "खोबरं आपणपण घालतो, खरं इतकं?" मला आवडलं.

स्नॉर्केलिंगला मात्र मार्क कापले. जाहिरातीत रंगीबेरंगी प्रवाळ, पाण्याखाली बराचसा करडा चुरा. नावाडी म्हणाला, १९९८ ला समुद्र तापला तेव्हा खूप मेलं, जरा सावरलं, परत २०२४ ला पांढरं पडलं. त्याच प्रवाळावर आमच्या ग्रुपमधला एक जण सेल्फीसाठी पाय रोवून उभा, आणि टूरचा माणूस त्याचेच फोटो काढतोय! ही प्रवाळाची भिंत लाटा अडवते म्हणून आत बेट आहे. बंगारामजवळचं पारळी-१ हे निर्जन बेट तर झिजून पाण्याखाली गेलंय.

आता पाणी. पॅकेजवर लिहिलेलं, 'चोवीस तास गोडं पाणी'. पहिल्या आंघोळीनंतर केस चिकट. जीभ लावून बघितली, मचूळ.

सकाळी मागच्या विहिरीचं झाकण उचललं. पुरुषभर खोलीवर पाणी. आपल्याकडे १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर बघायची सवय, त्यापुढे हे खेळणंच. खरं इथं आटायची भीती नाही, बिघडायची आहे. खाली प्रवाळाची चाळण, तिच्यात समुद्र शिरलेला, आणि पावसाचं पाणी हलकं म्हणून त्याच्यावर तरंगतंय, दुधावरच्या सायीसारखं. समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी, तर खाली चाळीस फूट, असा हिशेब सांगतात. अरुंद बेटावर तेवढंही धरू नका. मोटारीनं जोरात उपसलं की खालचं खारं वर चढतं, मग पुढच्या पावसाची वाट बघा. त्यात शौचालयाचा खड्डा विहिरीपासून मोजून अकरा पावलांवर.

प्यायचं पाणी सरकारी प्लान्टचं. हा प्रकार मला भारी वाटला. साडेतीनशे मीटर खोलवरचं गार पाणी पाइपानं वर आणतात, वरच्या कोमट पाण्याची निर्वात टाकीत वाफ करतात आणि त्या गारव्यावर ती थंड करतात. दिवसाला एक लाख लिटरची क्षमता. बेटाच्या हंड्यांसाठी ठीक. आमच्या शॉवरसाठी नव्हे. आमच्या दहा जणांच्या ग्रुपमध्ये काही जण दिवसातून तीनदा आंघोळ करत होते, मीही दोनदा केली.

घरमालक भला माणूस. आम्ही नेलेला कुंदा त्याच्या पोरांनी एका बैठकीत संपवला. मी मोटारवाला म्हटल्यावर मोडक्या हिंदीत त्यानं कामाचं काढलं. मागे अटॅच बाथरूमच्या दोन खोल्या बांधायच्यात, टूरवाल्याला मोठे ग्रुप आणायचेत. अर्ध्या एचपीच्या जागी एक एचपीची मोटार बसवली तर चालेल का? बेळगावहून पाठवाल का?

वीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाला मोटार नको म्हणालो. छताचं पावसाचं पाणी साठवायला टाकी बांध, खोल्यांत बादली-तांब्या ठेव, असं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "बादली देखके आपका लोग स्टार कम देता है."

टूरला पाचपैकी तीन. होमस्टेला पाच, बादली नव्हती तरी.