‘५०० इन १’ कॅसेटच्या नावाखाली झालेली फसवणूक

नव्वदच्या दशकात बेळगाव, निपाणी, खानापूर या भागांत घरोघरी आलेले बरेचसे व्हिडिओ गेम हे निन्टेंडोने १९८३ मध्ये जपानात आणलेल्या फॅमिकॉम या घरगुती गेमयंत्राच्या नकला होत्या. त्यांच्या कॅसेटवर ‘९९,९९,९९९ इन १’ असे छापलेले असे आणि ती थाप आहे हे शाळकरी मुलांनाही ठाऊक होते. आज ‘५०० इन १’ ही थाप वाटत नाही, आणि तेच विक्रेत्यांच्या पथ्यावर पडते. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ अवघ्या ४० किलोबाइटचा आहे. तसे पाचशे खेळ वीस मेगाबाइटमध्ये मावतात आणि एवढी मेमरी आता किरकोळ किमतीत मिळते. त्यामुळे एकेक जुनी कॅसेट शोधत बसण्यापेक्षा सगळे एकत्र घ्यावे, हा मोह अगदीच अवाजवी नव्हे.

मला ही कॅसेट विकणारा महाराष्ट्रातला होता. सर्व खेळ वेगळे आहेत आणि लांबलचक खेळ अर्धवट सोडून पुढे चालू ठेवण्यासाठी आत बॅटरीही आहे, असे त्याने सांगितले. ‘बेळगावचे म्हणजे आपलीच माणसं’ हे वाक्य तर त्याने इतक्या वेळा उच्चारले, की आगाऊ पैसे मागताना त्याला आणखी काही बोलावे लागले नाही. (सीमाभागात हे वाक्य फार लवकर लागू पडते.)

प्रत्यक्षात पहिल्या दोन पानांनंतर यादीत नवे काहीच नव्हते. पुढच्या ओळींवर नावे निराळी होती, पण खेळ तेच. कुठे मारिओ थेट पुढच्या जगात सुरू होई, तर कुठे ‘कॉन्ट्रा’मध्ये जादा जीव मिळत. खेळ सुरू होण्यापूर्वी टप्प्याचा किंवा जीवांचा आकडा बदलला, की यादीत एक नवा ‘खेळ’ तयार होतो. कवच उघडले तेव्हा आत काळ्या लाखेसारख्या ठिपक्याखाली दडलेली चिप होती. बॅटरीचा पत्ताच नव्हता. विक्रेत्याने पाठवलेल्या व्हिडिओत फक्त पहिले पान दिसत होते. यादी शेवटच्या पानापर्यंत सरकवून, तुम्ही सांगाल त्या क्रमांकाचा खेळ व्हिडिओ कॉलवर सुरू करून दाखवण्यास जो तयार नसेल, त्याच्याकडून घेऊ नये.

पैसे परत मागताच ‘तक्रार करायची तर महाराष्ट्रात या’ असे उत्तर मिळाले. हे साफ खोटे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते, म्हणजे बेळगावच्या माणसाला बेळगावातच. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. पैसे घेऊन वस्तूच न पाठवता विक्रेता गायब झाला असेल, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे. मी तक्रारीचा क्रमांक पाठवल्यावर टपालखर्च कापून उरलेली रक्कम परत आली. तीच कॅसेट, त्याच व्हिडिओसह, आता ‘८५० इन १’ म्हणून विक्रीला आहे.