पंप घरघरतोय: जुनाच दुरुस्त करावा की टाकीतला बसवावा?

आमच्या परळच्या चारमजली इमारतीत पंपाची खोली पहिल्या मजल्याच्या बरोब्बर खाली आहे. पहाटे पालिकेचं पाणी येतं, जमिनीखालची टाकी भरते, वॉचमन पंप लावतो आणि वरच्या आजींच्या खाटेचे पाय थरथरायला लागतात. सोसायटीच्या सभेत दोन तट पडले. काहींना जुना मोनोब्लॉक दुरुस्त करून चालवायचा होता, बाकीच्यांना टाकीतच बुडून राहणारा ओपनवेल सबमर्सिबल हवा होता.

माझं मत आधीच सांगते: आवाज कसला आहे हे कळल्याशिवाय नवा पंप घेऊ नका.

मोनोब्लॉक टाकीच्या वर बसतो आणि पाणी खालून ओढतो. ओढणाऱ्या पाइपाच्या एखाद्या सांध्याला बारीकशी फट असली, तर तिथून पाणी गळत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून ती दिसत नाही. मग पंपात खडे खुळखुळल्यासारखा आवाज येतो, गच्चीवरची टाकी भरायला दुप्पट वेळ लागतो आणि रोज पंपात पाणी ओतून तो सुरू करावा लागतो. रोज पाणी ओतावं लागत असेल तर आधी फूट व्हॉल्व्ह, म्हणजे ओढणाऱ्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, बघा. त्यात कचरा अडकला किंवा त्याचं रबर झिजलं की रात्रभरात पाइप रिकामा होतो. सांध्यांसाठी आमच्या प्लंबरने पंप चालू ठेवून एकेका सांध्याजवळ उदबत्ती धरली. तिसऱ्या सांध्यापाशी धूर वाकला आणि सरळ आत ओढला गेला. नवी टेफ्लॉनची टेप गुंडाळून सांधा कसला, अर्धा आवाज तिथेच गेला.

उरला तो बेअरिंगचा. स्विच बंद केल्यावर पंप गरगरत थांबेपर्यंत कान द्या. खरखर शेवटपर्यंत चालू राहिली तर बेअरिंग गेलं. स्विचबरोबर गुणगुण तत्क्षणी थांबली तर दोष विजेच्या बाजूचा आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

सबमर्सिबलचा मोठा फायदा म्हणजे तो पाण्यातच असतो. वर ओढायचं नसल्यामुळे हवा धरण्याचा प्रश्नच येत नाही, आणि आवाज पाण्यातच जिरतो. पण त्याची मोटर थंड राहते ती पाण्यामुळेच. टाकी रिकामी असताना तो चालला तर मोटरमधल्या तारांचं वेटोळं (वायंडिंग) जळतं, म्हणून पाणी खाली गेलं की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच हवाच. पाण्यात विजेची केबल असते, तेव्हा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, लावल्याशिवाय तो सुरू करू नका. आणि तो बिघडला की टाकीत उतरावं लागतं. बंद टाकीत गुदमरून माणसं मरतात. झाकण उघडून हवा खेळू दिल्याशिवाय आणि वर माणूस उभा केल्याशिवाय कोणालाही आत पाठवू नका, कितीही घाई असली तरी.

त्यामुळे पंपाची खोली घरांपासून लांब असेल तर मोनोब्लॉकच बरा. दुरुस्ती डोळ्यांसमोर होते. खोलीवर कुणी झोपत असेल आणि हवा, बेअरिंग दोन्ही ठीक करूनही त्रास उरला, तर सबमर्सिबल घ्या आणि जुना पंप भंगारात न देता जादाचा म्हणून ठेवा. आम्ही तेच केलं. पंप थांबताना धाडकन ठोका बसत असेल तर तो नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा, म्हणजे वर गेलेलं पाणी परत खाली येऊ न देणाऱ्या झडपेचा असतो, आणि पाइप भिंतीला थेट क्लॅम्पने आवळले असतील तर थरथर तिथूनही चढते. क्लॅम्पखाली रबर घाला.

वरच्या मजल्यावरचे नळ फुरफुरतात म्हणून पंप बदलायला निघालेलेही आमच्यात होते. त्याचा पंपाशी संबंध नव्हता. गच्चीच्या टाकीतून खाली येणाऱ्या लाइनला हवा निघून जायला एक उभा पाइप असतो. डास शिरतात म्हणून आमच्याकडे कुणीतरी त्याला बूच मारलं होतं. बूच काढलं, तोंडाला बारीक जाळी बांधली, आणि दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावर पाणी सरळ धारेने आलं.