गिम्प ३.० वर जुने आणि आजचे बडोदे एका चित्रात: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दांडिया बाजार आणि रावपुरा या भागांतल्या मराठी घरांमध्ये कपाटाच्या तळाशी जुन्या छायाचित्रांचा एखादा डबा हमखास सापडतो. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातील प्रदर्शनासाठी अशी छायाचित्रे गोळा करून, ती जिथे काढली गेली त्याच जागेच्या आजच्या छायाचित्रावर थर (लेयर) म्हणून बसवण्याचे काम मी हाती घेतले आणि त्यासाठी गिम्प हे चित्र-संपादनाचे विनामूल्य सॉफ्टवेअर निवडले. ते आता कित्येक महिने माझ्या रोजच्या वापरात आहे. थरांच्या कामासाठी ते भरवशाचे आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मात्र त्याची खरी ताकद तयार इफेक्टमध्ये नसून घेतलेला निर्णय शेवटपर्यंत खुला ठेवण्यात आहे.

ही सोय आवृत्ती ३.० मध्ये आली, जी मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधीच्या, २०१८ मध्ये आलेल्या २.१० मध्ये एखादा फिल्टर लावला की तो थेट पिक्सेलमध्ये मुरत असे; नंतर मन बदलले तर ‘अनडू’ करत मागे जाणे किंवा आधीच लेयरची प्रत काढून ठेवणे, एवढेच हाती राही. आता फिल्टर लेयरला जोडलेला राहतो, लेयरच्या ओळीत एफएक्स असे चिन्ह दिसते, त्यावर टिचकी मारली की लावलेल्या सर्व फिल्टरांची यादी उघडते आणि त्यांतला कोणताही फिल्टर तात्पुरता बंद करता येतो, त्याचा क्रम बदलता येतो किंवा त्याची मूल्ये पुन्हा ठरवता येतात. एक्ससीएफ या गिम्पच्या स्वतःच्या स्वरूपात जतन केलेली फाइल महिन्याभराने उघडली तरी ही यादी जशीच्या तशी मिळते. जुन्या छायाचित्रांच्या कामात याचे मोल फार आहे, कारण ज्यांच्या घरचे छायाचित्र असते ती मंडळी पाहायला येतात तेव्हा ‘आजीचा चेहरा थोडा उजळ हवा होता’ असे हटकून सांगतात, आणि ती सूचना सगळे काम न मोडता तिथल्या तिथे अमलात आणता येते.

सर्वांत जास्त वेळ जातो तो दोन छायाचित्रे एकमेकांवर जुळवण्यात. राजा रविवर्म्याच्या छापखान्यात, जो १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, चित्रातील वेगवेगळ्या रंगांसाठी शिळाछापाचे वेगवेगळे दगड वापरले जात, आणि एखादा दगड किंचित जरी सरकला तरी देवीच्या डोळ्यांची कड फाटल्यासारखी दिसे. थरांच्या कामातही सगळी भिस्त याच जुळणीवर असते. मी जुने छायाचित्र वरच्या लेयरवर ठेवून त्याचा मोड, म्हणजे खालच्या थरात मिसळण्याची पद्धत, ‘डिफरन्स’ करते. या मोडमध्ये दोन्ही चित्रे जिथे तंतोतंत जुळतात तिथे काळे दिसते आणि जिथे चुकतात तिथे उजळ कडा उमटतात. मग पर्स्पेक्टिव्ह टूलने कोपरे ओढत जायचे आणि बडोद्यातील न्यायमंदिर या जुन्या इमारतीच्या कमानींभोवतीच्या त्या उजळ रेघा बारीक होत होत विझेपर्यंत थांबायचे नाही.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली अशी की हे टूल सपाट दर्शनी भिंत जुळवू शकते, पण कॅमेरा उभा करण्याची जागाच वेगळी असेल तर जवळचा विजेचा खांब आणि मागची इमारत यांचे आपसातले अंतर कोणत्याही टूलने दुरुस्त होत नाही. त्यासाठी जुन्या छायाचित्रकाराची जागा शोधून तिथेच उभे राहून नवे छायाचित्र काढणे हाच उपाय आहे. दुसरी अशी की फिल्टर मागे घेता येत असला, तरी लेयर वळवणे किंवा ताणणे ३.० मध्ये पिक्सेलवर कायमचे होते, आणि तोच लेयर पुन्हा पुन्हा वळवला तर त्याची धार बोथट होत जाते. म्हणून मूळ स्कॅनचा लेयर अस्पर्श ठेवावा आणि प्रत्येक वेळी त्याच्या ताज्या प्रतीवरच काम करावे.

जुळणी झाल्यावर मोड ‘मल्टिप्लाय’ करते. यात वरच्या लेयरमधला पांढरा रंग खालच्या चित्राला काहीच करत नाही आणि गडद भाग त्याला आणखी गडद करतो, त्यामुळे जुन्या छायाचित्रातील माणसे आजच्या भिंतीवर शाईने उमटवल्यासारखी दिसतात. परंतु जुन्या छायाचित्राचा कागद पिवळा पडलेला असतो, पांढरा नव्हे, आणि तो पिवळेपणा साऱ्या चित्रावर पसरतो. त्यासाठी आधी रंग काढून टाकावा आणि ‘लेव्हल्स’ या उजळ-गडदपणा ठरवणाऱ्या साधनामध्ये उजवीकडचा त्रिकोण कागदाच्या छटेपर्यंत आणावा. आणखी एक बारकावा असा की गिम्पमध्ये मोडचे ‘डिफॉल्ट’ आणि ‘लेगसी’ असे दोन गट आहेत, आणि मोडच्या नावाशेजारच्या छोट्या बटणाने ते बदलता येतात. काळ्यावर पांढरा लेयर ‘नॉर्मल’ मोडमध्ये ५० टक्के ओपॅसिटीने (अपारदर्शकतेने) ठेवला, तर ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा या मोजणीत लेगसी गटात सुमारे १२८ ची राखाडी छटा मिळते, आणि डिफॉल्ट गटात प्रकाशाच्या प्रत्यक्ष प्रमाणानुसार मिश्रण होत असल्यामुळे सुमारे १८८ ची. एका छायाचित्रातून दुसऱ्यात हळूहळू विरत जाणारी कड दोन्ही गटांत वेगळी का दिसते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. माणसांच्या आकृत्या विरवताना मला लेगसीची संथ उतरण अधिक बरी वाटते.

लेयरचा कोणता भाग दिसावा आणि कोणता झाकावा हे ठरवणाऱ्या मास्कवर मी मनापासून खूश आहे. सूरसागराचे उदाहरण देते. जुन्या छायाचित्रात तलावाचे मोकळे पाणी, पलीकडचा काठ आणि वर नुसते आकाश आहे. आजच्या छायाचित्रात मधोमध शंकराची उंच मूर्ती उभी आहे. दोन्ही चित्रे सरसकट मिसळली असती तर मूर्ती अर्धवट धुरकट दिसली असती, आणि ते कोणालाही रुचले नसते. म्हणून जुन्या लेयरला पांढरा मास्क दिला आणि मूर्तीची बाह्याकृती मऊ ब्रशने काळ्या रंगात रंगवली, म्हणजे तिथे जुना थर झाकला जाऊन मूर्ती पूर्ण तेजाने दिसू लागली. तिच्या पाण्यातील प्रतिबिंबावर मात्र मध्यम राखाडी ठेवली, जेणेकरून जुने पाणी आणि नवे प्रतिबिंब तिथे एकमेकांत मिसळले. काळा कुठे संपवायचा आणि राखाडी कुठे सुरू करायची, हे कोणताही तयार इफेक्ट ठरवून देत नाही. मास्क रंगवताना लेयरवर जड फिल्टर असतील तर ब्रश रखडतो, तेव्हा तेवढ्यापुरते ते बंद ठेवणे सोयीचे पडते.

चित्रावर मराठी ओळी घालायच्या असतील तर युनिकोड फॉन्टमध्ये जोडाक्षरे आणि रफार नीट उमटतात, आणि ३.० मध्ये अक्षरांना बाह्यरेषाही देता येते.

उणिवाही आहेत. खालच्या सर्व थरांवर एकदम परिणाम करणारे ॲडजस्टमेंट लेयर इथे नाहीत, आणि फोटोशॉपची सवय असलेल्यांना त्यांची उणीव पदोपदी जाणवेल. चित्र संपादनात आरजीबीतच, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरवा-निळा या रंगपद्धतीतच, राहते. सीएमवायके ही छपाईची रंगपद्धत सॉफ्ट-प्रूफ (छापील रंगांचा पडद्यावरचा अंदाज) आणि काही स्वरूपांतील निर्यात यांपुरतेच मर्यादित आहे. छापून आलेल्या पहिल्या नमुन्यात मल्टिप्लाय केलेल्या सावल्या मॅट कागदावर पार गडद झाल्या होत्या आणि साड्यांचे काठ त्यांत बुडाले होते. त्यानंतर मी जुन्या छायाचित्राच्या लेयरवर सावल्या उचलणारा ‘कर्व्ह्ज’चा एक जादा फिल्टर जोडून ठेवते, पडद्यासाठी प्रत काढताना तो बंद करायचा आणि छपाईसाठी सुरू करायचा, म्हणजे एकाच फाइलमधून दोन्ही प्रती निघतात.