अर्निका की दगडी पाला?

दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या वनस्पती, दोन्ही जखमेशी जोडलेल्या. पण अर्निका युरोपच्या डोंगरी कुरणांतली, थंडी आणि आम्लधर्मी, निकस माती मागणारी. सोलापूरची चुनखडीयुक्त काळी जमीन आणि ४० अंशांपुढचा उन्हाळा तिला मानवणारच नाही. त्यामुळे इथे ती भेटते मलमाच्या ट्यूबमध्ये नाहीतर केसांच्या तेलाच्या बाटलीवर.

दगडी पाला मात्र बांधावर, कंपाउंडच्या फटीत, कुठेही. लांब दांड्यावर एकच फूल, म्हणून एकदांडी. तीही मूळची इथली नव्हेच, उष्ण अमेरिकेतून आलेली! खुरपताना विळा लागला की पाला चोळून रस लावायचा, ही गावाकडची जुनी रीत.

खरा फरक इथेच आहे. अर्निका मुक्या मारासाठी, तीही कातडी फाटलेली नसेल तरच. तिच्यातलं हेलेनालिन हे द्रव्य पोटात गेलं तर विषारी. होमिओपॅथीच्या ३० पोटन्सीच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा पातळ केलेल्या अर्काच्या गोळ्यांत मूळ वनस्पतीचा रेणूही उरत नाही, ती भीती तिथे नाही. गुणाचीही मला आशा नाही.

किरकोळ खरचटलं तर मी धुतलेला दगडी पाला लावीन. जखम खोल असेल तर या दोन्ही वनस्पती बाजूला सारून टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन.